कापलेला पट्टा

बाळ्यानं हेल्मेट घेतलं ते रंग बघून. निळ्यावर केशरी ज्वाळा, पोपटाच्या चोचीसारखी पुढं निघालेली हनुवटी आणि कपाळावर लांबलचक व्हायझर. मोबाइलवरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'एकदाही पडलेलं नाही'. नव्याची किंमत पंधरा हजार, हे सहा हजारांत. गॅरेजच्या पगारातून साठवलेले पैसे त्यानं एका दमात मोजून टाकले.

गॅरेजच्या मिस्त्रींनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "डोकं मापलंस का रं?"

"त्यात काय मापायचं? बसतंय की."

मिस्त्रींनी टेप काढली. भुवयांच्या बोटभर वर धरून मागच्या फुगवट्यावरून फिरवली. ५७ सेंटिमीटर. हेल्मेटच्या आत लेबल होतं 'एल', म्हणजे त्या कंपनीच्या तक्त्यात ५९ ते ६०.

"सैल हाय हे. गाल दाबले गेले पायजेत. नवीन हेल्मेट घालून बोलताना गालाचं मांस दाताखाली आलं, तर ते बरोबर मापाचं."

"आत फडकं कोंबतो," बाळ्या म्हणाला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि विषय तिथंच राहिला.

बाळ्या ते हेल्मेट जपायचा मात्र जिवापाड. गॅरेजात कार्बोरेटर असो की चेन, जे मळतं ते पेट्रोलनं धुतात. त्यानंही तेच केलं. माळावर सराव करून आला की पेट्रोलचा बोळा बाहेरून फिरवायचा, घामाचा वास जावा म्हणून आतूनही. हेल्मेट असं चमकायचं की गल्लीतली पोरं त्यात तोंड बघायची. मिस्त्रींचं हेल्मेट याच्या अगदी उलट. व्हायझरवर ओरखडे, रंग उडालेला. पण दर आठवड्याला मिस्त्री आतलं अस्तर आणि गालाच्या गाद्या काढून शाम्पूच्या कोमट पाण्यात भिजवायचे, हलक्या हातानं पिळून सावलीत वाळवायचे. बाहेरच्या चिखलावर ओलं फडकं, बस्स. मिस्त्रीणबाई म्हणायच्या, "माझ्या साड्या कधी एवढ्या जपून वाळत घातल्या न्हाईत!"

बाळ्यानं नाव घातलेली मोटारसायकलींची शर्यत शहराबाहेरच्या माळावर होती. आधी गाड्यांची तपासणी, मग हेल्मेटची. तपासणीच्या टेबलामागचे साहेब वयस्कर आणि कमी बोलणारे. त्यांनी बाळ्याला हेल्मेट घालून पट्टा आवळायला सांगितला. दोन कड्यांमधून ओवायचा तो पट्टा बाळ्यानं घट्ट ओढला. साहेबांनी मागून हेल्मेटच्या खालच्या कडेला हात घातला आणि पुढं ढकललं. हेल्मेट बाळ्याच्या नाकावरून घरंगळत थेट साहेबांच्या हातात आलं. कोंबलेलं फडकं मातीत पडलं.

रांगेतली पोरं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी अस्तर उपसून काढलं. आतला काळा थर्माकोल जागोजागी विरघळून खरबरीत झाला होता आणि डाव्या कानशिलापाशी एक भेग होती, केसाएवढी.

"साहेब, वरून ओरखडासुद्धा नाही!"

"वरचं कवच नुसतं मार पसरवतं. मार जिरवतो तो हा थर. तो एकदा दबतो, त्या दबण्यातच झटका संपतो, आणि मग तो परत फुगत नाही. हे हेल्मेट आधी कुणीतरी आपटलंय. उरलेलं पेट्रोलनं खाल्लंय." चिठ्ठीवर फुली मारता मारता त्यांनी १९५६ सालची एक हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियात पीट स्नेल नावाचा मोटार शर्यतपटू अपघातात डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट डोक्यावर होतं, पण ते कामाचं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याच्या माणसांनी हेल्मेट तपासणारी संस्था काढली, ती आजही चालू आहे.

बाळ्या मिस्त्रींकडं धावला. "तुमचं द्या की, एका फेरीपुरतं."

"माझं डोकं लांबट, तुझं गोल. माप एक असलं तरी कपाळावर टोचंल आणि कानाजवळ हलंल. न्हाई देणार."

शर्यत बाळ्यानं दोरीबाहेरून बघितली. तिसऱ्या फेरीत एक स्वार टेबल-टॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, उडाला आणि डोक्यावर आला. व्हायझर तुटून लांब गेला. तो तसा सुटावा म्हणूनच बसवलेला असतो. पोरगा धडपडत उठला, चालत बाहेर आला. संध्याकाळी तोच पोरगा गाडीच्या सावलीत बसून हेल्मेट पुसत होता. नवा व्हायझर लावून त्यानं फोटो काढला आणि शेजारच्याला विचारलं, "पाच हजार लिहू की सहा? एकदाही न पडलेलं म्हणून टाकतो."

बाळ्या तिथंच उभा होता. आपल्या हेल्मेटची जाहिरात कुणी, कशी लिहिली असेल ते त्याला उमगलं.

निघताना एक कोवळा पोरगा त्याच्याजवळ आला. मिसरूडही फुटलं नव्हतं. "दादा, हे निळं विकणार काय? चार हजार रोख देतो." बाळ्याचा हात खिशाकडं गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. चार हजारांत निम्म्याहून जास्त पैसे सुटत होते आणि फुलीची चिठ्ठी कुणाच्या बापाला दिसणार नव्हती.

त्यानं मिस्त्रींच्या पेटीतून कात्री काढली आणि त्या पोरादेखत हेल्मेटचा पट्टा दोन्ही बाजूंनी कापला.

"येडा काय तू?" पोरगा म्हणाला.

"माप काय तुझं?" बाळ्यानं विचारलं. पोराला ठाऊक नव्हतं. बाळ्यानं टेप मागून घेतली.

पुढच्या महिन्यात मिस्त्रींनी बाळ्याला दुकानात नेलं. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला देशात बंदी आहे, तरी रस्त्याकडेला नुसत्या टोप्या राजरोस मिळतात. मिस्त्री त्यांच्याकडं बघतसुद्धा नाहीत. बाळ्यानं साधं पांढरं, मापाचं हेल्मेट घेतलं. शर्यतीची प्रवेश फी काही परत मिळाली नाही.

तुमच्याही माळ्यावर एखादं आपटलेलं हेल्मेट पडलं असेल. ते भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा पट्टा कापा.