उत्तेजक द्रव्ये आणि मनुष्याचे कर्तेपण

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन नावाच्या द्रव्याचा शेकडो किलो साठा पोलिसांनी पकडला. आणि त्याच तपासाचा धागा धरून थेट दिल्लीच्या साउथ एक्स्टेन्शन भागातून आणखी सुमारे ९७० किलो माल हस्तगत झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजधानीस लागून असलेल्या ग्रेटर नोएडाजवळ, कासना येथील एका कारखान्यात सुमारे ९५ किलो मेथॅम्फेटामिन सापडले. बाजारात ह्या वस्तूंना एमडी, मेथ अशी सुटसुटीत नावे आहेत. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती मुख्यतः त्यांच्या कोट्यवधींच्या किमतीची. आम्हांस विचारणीय वाटतो तो प्रश्न निराळा आहे. हे द्रव्य घेणारा मनुष्य पुढे जे काही करतो, त्याचा कर्ता कोण? तो स्वतः, की ते द्रव्य? ज्या घरावर हा प्रसंग ओढवतो तेथे ह्याची दोन उत्तरे ऐकू येतात. बाप म्हणतो, "पोरगा नालायक निघाला." आई म्हणते, "तो आजारी आहे, त्याला बोल लावू नका." ह्यांपैकी कोणाचे खरे मानावे हे ठरविण्यापूर्वी शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे.

आपण ह्या सर्वच पदार्थांस सरसकट 'अमली' म्हणतो. अमल म्हणजे सत्ता. पेशव्यांचा अमल, इंग्रजांचा अमल असे आपण म्हणतोच. नशेला हाच शब्द लावणाऱ्या पूर्वजांची जाण मोठी म्हटली पाहिजे. परंतु अफू आणि मद्य गुंगी आणतात, तर ही द्रव्ये तरतरी आणतात, हा भेद त्या एका शब्दात बुडून जातो. 'उत्तेजक' हा शब्द अधिक नेमका आहे. त्याच्या मुळाशी तिज् हा धातू असून त्याचा अर्थ धार लावणे असा आहे. सुरीला धार लावली म्हणजे ती अधिक कापते खरी; पण सहाणेवर पोलादाची भर पडत नाही, थोडे पोलाद झिजतेच.

मेंदूत नेमके हेच होते. भुकेल्यास अन्न दिसले, श्रमाचे चीज झाले, जिवलग भेटला, की मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे रसायन किंचित सोडतात आणि काम होताच ते परत आत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडविते. मेथॅम्फेटामिन त्याहून धीट. ते पेशीत शिरून साठ्याची कोठारेच रिती करते आणि आत ओढणारी यंत्रणा उलटी चालविते. ह्या साऱ्या उल्हासातील एक कणही द्रव्याने बाहेरून आणलेला नसतो. जे पुढच्या दिवसांत थोडे थोडे खर्चावयाचे, ते एका रात्रीत उधळले जाते, इतकेच.

नॉरॲड्रेनॅलिन ह्या दुसऱ्या रसायनाचाही पूर त्याच वेळी येतो. नाडी धावू लागते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब व अंगातील उष्णता वाढते; भूक आणि झोप नाहीशी होतात. धडधाकट दिसणारा तरुण हृदयविकाराच्या झटक्याने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने जातो तो अशाच अवस्थेत. कोकेनचा कैफ तासाभराच्या आत ओसरतो. मेथचा अर्धा अंश दहा-बारा तासांनंतरही रक्तात उरतो. मागाहून येते ती ग्लानी आणि खिन्नता, आणि तिच्यावर उतारा म्हणून पुन्हा तेच द्रव्य. असे महिनोन्महिने चालले म्हणजे डोपामिन ग्रहण करणारी स्थाने उणावतात. मग आईच्या हातचे जेवण, मित्रांची मैफल, कशातच गोडी वाटत नाही. कोणी पाठलाग करीत आहे असा संशय काहींच्या मनात घर करतो. आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "हे नको, थांब" असे सांगणारा मेंदूचा पुढचा भागच दुबळा होतो.

येथे कोणी म्हणेल, मग चहाचे काय? चहातील कॅफिनही उत्तेजकच आहे. जागरणाने मेंदूत अडेनोसिन साचते व थकवा कळतो. कॅफिन त्याची जागा अडवून बसते, म्हणून थकवा कळत नाही, जात मात्र नाही. हीही उसनवारीच, पण ती कोठारे फोडीत नाही. (ह्या ओळी चहाचा पेला शेजारी ठेवूनच लिहिल्या आहेत.) चित्त स्थिर न होणाऱ्या मुलांना वैद्य मिथाइलफेनिडेट देतात, तेही ह्याच वर्गातले. परंतु चुलीतला विस्तव आणि गंजीत पडलेला विस्तव एकच असला तरी त्याचे कार्य एक नव्हे. तेथे मात्रा मोजलेली असते आणि परिणाम पाहणारा दुसरा मनुष्य जागा असतो.

हे अज्ञानी लोकांचेच दुखणे आहे अशी समजूतही कोणी करून घेऊ नये. सिग्मंड फ्रॉइडसारख्या विद्वानाने १८८४ साली कोकेनची स्तुती करणारा प्रबंध लिहिला, आणि मॉर्फिनच्या व्यसनातून सोडविण्यासाठी ते आपल्या मित्रास दिले. मित्र दोन्हींच्या आहारी गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपान ह्यांनी आपल्या सैनिकांना मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या पुरविल्या. युद्धानंतर जपानात त्याचे व्यसन इतके पसरले की १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारले आहे: इच्छा नसताही कोणी बळेच जुंपावे तसा मनुष्य पाप का करतो? उत्तरात रजोगुणातून उपजणाऱ्या कामाचे नाव येते, आणि त्याचे अधिष्ठान म्हणून इंद्रिये, मन व बुद्धी ही तीन सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे राहण्याची जागा, असे भाषांतर सहसा होते. आमच्या मते 'ठाणे' हा शब्द अधिक जवळचा. परकी फौज देशात शिरली म्हणजे एकेक ठाणे घेत जाते. पहिल्या मात्रेच्या वेळी बुद्धीचे ठाणे शाबूत असते. तेथे बापाचे म्हणणे खरे. शंभराव्या मात्रेच्या वेळी ज्या बुद्धीने नकार द्यावयाचा तीच वेढलेली असते. तेथे आईचे खरे. कर्तेपण एका क्षणी असते आणि दुसऱ्या क्षणी नसते असे नव्हे, ते उतरत जाते, आणि दोषही त्याच मापाने मोजावा लागतो. पण ते शून्यावर येत नाही. बेड्या पडलेल्यास चालता येत नसले तरी हाक मारता येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नेमके हे ओळखते: केवळ सेवन किंवा अल्प प्रमाण बाळगणे एवढाच आरोप असलेला व्यसनी स्वतः होऊन उपचारास आला, तर त्यास खटल्यापासून सूट मिळू शकते.

कुरकुंभ वा कासना येथे जो भांड्याखालची आच मोजत होता, त्याच्या बाबतीत ही सवलत मागता येणार नाही. असले रसायन सिद्ध करावयास हात स्थिर आणि डोके थंड लागते. त्याची बुद्धी पूर्ण त्याची होती.

अफूच्या व्यसनावर तिची ओढ शमविणारी औषधे आहेत. उत्तेजकांच्या व्यसनावर तसे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. समुपदेशन, नियमित तपासणी आणि काळ हीच साधने. गाझियाबादेस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र आहे, तेथे हे उपचार होतात. नोरा व्होल्को व त्यांचे सहकारी ह्यांनी २००१ साली मेथ सोडलेल्यांच्या मेंदूची चित्रे तपासली, तेव्हा वर्षाहून अधिक काळ दूर राहिलेल्यांत डोपामिन परत ओढणारी यंत्रणा पुष्कळशी भरून आलेली दिसली; स्मृती व हालचाल ह्यांच्या कसोट्यांत मात्र तितकी सुधारणा नव्हती. म्हणजे पहिले वर्षभर तरी रोग्यास अर्धवट बुद्धीवर दिवस काढावयाचे असतात. हाती पैसा न देणे, जुन्या सोबत्यांची वाट चुकविणे, रात्रीची झोप आणि दोन वेळचे जेवण सांभाळणे, ही बुद्धीने करावयाची कामे तोपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी करावी लागतात.