आधी पेडलं, मग सीट

कोल्हापूर

चि. अनिकेत यास,


जीपचे फोटो मिळाले. बॉनेट एवढं उंच म्हणजे गाडी सीजे-३बी, यात शंका नाही. हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ साली विलीज कंपनीने बॉनेटच उंच केलं. महिंद्राने पुढे हीच गाडी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते हेच, कारण हिचे सुटे भाग या देशात अजून मिळतात.

सीट फाटल्यात, फ्रेम गंजल्यात, पेडलं लटपटतात आणि कुणीतरी तुला सगळं नवं घालायचा मोठा आकडा सांगितलाय. माझं सांगणं असं, की काटकसर करायची ती सीटवर कर, पेडलांवर करू नकोस. आणि आधी पेडलं कर, मग सीट. बहुतेक लोक उलट करतात. सीट येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, पेडलाचं दुखणं फ्लोअरखाली राहतं.

या जीपची पेडलं आजच्या गाड्यांसारखी डॅशखाली लटकत नाहीत, फ्लोअरच्या भोकातून वर येतात. पाय ठेवतो तो पॅड त्याच्या दांड्यासकट एक भाग, आणि खालचा आर्म दुसरा. दोन्ही बोल्टने आवळलेले. क्लच-ब्रेकचे आर्म एकाच शाफ्टवर फिरतात आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडरही तिथेच खाली, चिखलाच्या माऱ्यात. ग्रीस मारायचं राहिलं की आधी बुश जातं, मग शाफ्ट खाल्ला जातो.

पेडलं उतरवलीस की शाफ्ट रॉकेलने पूस आणि त्यावरून नख फिरव. बुश बसतं त्या जागी पायरी लागली तर शाफ्ट झिजला. आर्मचं भोक उजेडाकडे धरून बघ. गोल राहिलेलं नसेल, एका बाजूला ओढल्यासारखं दिसेल, तर पेडल लटपटतं ते त्याचमुळे. हे बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नकोस. बऱ्याच वेळा पेडल शाबूत असतं आणि फक्त बुश गेलेलं असतं. चांगला लेथवाला गाठ. तो भोक सरळ करून गनमेटलचं बुश ठोकेल, शाफ्टच्या मापाला रीमर मारेल, नवा शाफ्टही वळून देईल. नव्या पेडलाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. आमच्या शिवाजी उद्यमनगरात ही रोजची कामं आहेत, तुमच्या पुण्यातही करणारे कमी नाहीत.

पण ब्रेकचा आर्म कधी तुटून वेल्ड केलेला दिसला, तर तो भंगारात टाक. डोळे झाकून. कितीही सफाईने जोडलेला असो, घाटाच्या उतारावर त्याच्यावर विसंबायचं नाही. खालचं सगळं उघडलेलंच आहे तर मास्टर सिलिंडरचं वॉशर किटही बदलून घे. या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे, ती गेली की चारही चाकांचा ब्रेक जातो. क्लचला साधारण एक इंच फ्री प्ले, म्हणजे मोकळी चाल, ठेव. पॅडच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर पॅड बदल, पावसात ओला बूट त्यावरून सटकतो.

भाग शोधायला निघशील तेव्हा जुना भाग पिशवीत असू दे. दुकानदाराला मॉडेल सांगून भागत नाही, नमुना समोर ठेवावा लागतो. पुण्यात आधी नाना पेठ, मग जुना बाजार. मुंबईला गेलास तर कुर्ला. तिथेही नाहीच मिळालं तर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि हरियाणातली मंडी डबवाली. डबवालीत तर जीप बांधणं हा गावाचा धंदाच आहे. अमेरिकेत विलीजचे भाग अजून नव्याने बनतात, पण तिकडच्या गाड्या डाव्या हाताच्या. पॅड जुळेल, आर्म आणि खालच्या जोडण्या आपल्या उजव्या हाताच्या गाडीला जुळतीलच असं नाही. वर भाडं आणि कस्टम ड्युटी. त्या वाटेला सगळ्यात शेवटी जा.

आता सीट. मूळ सीट म्हणजे वाकवलेला पाइप, पत्रा आणि गादी, एवढंच. पाइप सहसा खाली, फ्लोअरला टेकतो तिथे कुजतो. तेवढाच तुकडा कापून नवा जोडता येतो. फक्त एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतो. या जीपची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते. सीट गाडीत ठेवून कुणालाही वेल्डिंग करू देऊ नकोस. टाकी रिकामी आहे, काही होत नाही, असं कारागीर म्हणेल. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. फ्रेम सोडवून दुकानात ने. फ्लोअरलाच जोड द्यायचा असेल तर टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेव.

गादीसाठी नेहमीचा सीट कव्हरवाला पुरे. खाली रिबॉन्डेड फोम, वर मऊ फोमचा पातळ थर, आणि रेक्झिनच्या आत प्लॅस्टिकचा कागद, कारण पाणी शिवणीतून आत शिरतं आणि फोम ते दिवसचे दिवस धरून ठेवतो. गादी मात्र जाड करायला सांगू नकोस. ती दोन इंच वाढली की गुडघा स्टिअरिंगला लागतो आणि क्लच पूर्ण दाबताना मांडी अडकते. म्हणूनच आधी पेडलं म्हटलं. ती नीट बसली की गाडीत बस, पाय लावून बघ आणि मगच गादीचं माप दे.

मारुती ८०० च्या किंवा ओम्नीच्या जुन्या सीट भंगारात स्वस्त मिळतात, खूप जण त्या बसवतात. लांबच्या प्रवासाला त्या बऱ्याच, पण रेल्समुळे उंची वाढते ती आधी मोज. बोल्ट नुसत्या पत्र्यात आवळू नकोस, खालून जाड पट्टी दे. मूळ फ्रेम विकू तर अजिबात नकोस. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. मात्र तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, तेव्हा तो निर्णय सावकाश घे.

या आठवड्यात फ्लोअरची झाकणपट्टी काढ, पेडलं सोडव आणि शाफ्टचे जवळून फोटो पाठव. ते बघेपर्यंत कुणालाही अॅडव्हान्स देऊ नकोस, आणि गाडी रस्त्यावर काढू नकोस.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा