रिक्थ आणि ऋण



खानदेशात सप्ताहाचा काला होऊन पंगत उठली, की कीर्तनकाराभोवती जो घोळका जमतो त्यात परमार्थाइतकेच प्रपंचाचेही प्रश्न निघतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारशाच्या धनावर कर असावा की नसावा, यावरून देशभर धुरळा उडाला. तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारला गेला आहे. अहिराणीत तो एका वाक्याचा असतो : "महाराज, बापनी कमाई पोऱ्याले नही ते कोणले?" राजकारण हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कोणाचे धन कोणाकडे जावे हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि न्यायाचा प्रश्न धर्माच्या बाहेरचा नसतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आज आपल्या देशात असा कर नाही. पण तो होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १५ ऑक्टोबर १९५३ पासून 'इस्टेट ड्यूटी' लागू झाली. लोक तिला मृत्युकर म्हणत. पुढे वीस लाखांवरच्या भागाला शेकडा ८५ पर्यंत दर चढला. आणि हाती काय आले? १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला तेव्हा साऱ्या देशातून वर्षाला सुमारे वीस कोटी! एवढ्यासाठी वसुलीचा खटाटोप परवडेना. मोठ्यांनी वाटा शोधल्या, कागद रंगवले, आणि कर नावापुरता उरला.

आता पूर्वपक्ष मांडू, आणि तो नीट मांडू. कोणी म्हणतो, बापाने घाम गाळून मिळवले, त्यावर कर भरला, मग मेल्यावर पुन्हा कर कशाला? दुसरा म्हणतो, श्रीमंताघरी जन्म हे पूर्वसुकृत. त्यात सरकारने हात का घालावा? तिसरा म्हणतो, माझी तीन एकर कोरडवाहू. तीही गेली तर पोरांनी खावे काय?

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. अहो, जन्म जर प्रारब्धाने मिळाला, तर कर भरण्याची वेळही प्रारब्धानेच आली म्हणा की! लाभ तेवढा प्रारब्धाचा आणि देणे तेवढे सरकारचे, असा हिशेब देवाच्या वहीत नाही. शिवाय जन्मावरून योग्यता ठरवू नये हेच तर चोखोबांपासून जनाबाईंपर्यंत आपले संत सांगत आले. ज्या मुक्ताईच्या पालखीबरोबर खानदेशची दिंडी पंढरीस निघते, त्या मुक्ताईला आईबापांकडून वारशाने काय मिळाले? गावाचा बहिष्कार.

पहिल्या आक्षेपाला मात्र शास्त्रात शिरावे लागते. विज्ञानेश्वराची मिताक्षरा सांगते की वडिलोपार्जित धनात मुलाचा हक्क जन्मतःच असतो. जीमूतवाहनाचा दायभाग म्हणतो, तो बापाच्या पश्चात उत्पन्न होतो. हक्क कधी लागतो यावर एवढा वाद. पण एका गोष्टीवर धर्मशास्त्राचा रोख स्पष्ट आहे. जो रिक्थ घेतो, म्हणजे मेलेल्याच्या मागे उरलेले धन घेतो, त्याने मेलेल्याचे ऋणही फेडावे. घर माझे आणि सावकार तुमचा, असे वारसास म्हणता येत नाही.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. बापाच्या शिरावर फक्त सावकाराचेच ऋण होते काय? यावल-चोपड्याकडचा केळीचा मळा हिरवा आहे, कारण हतनूर धरणाचे पाणी आले. आणि ते पाणी आले तेव्हा कोणाची तरी घरे, शेते, देवळे त्याखाली गेली. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते मिळतात. तेथल्या शेताचा भाव चढला, तो काही मालकाने नांगर जास्त खोल घातला म्हणून नव्हे. रस्ता सर्वांच्या पैशाने झाला. केळी रेल्वेने उत्तरेकडे गेली, तो रूळही सर्वांचा. बापाचे कष्ट खरेच. पण त्या कष्टांना फळ यावे म्हणून हजारोंनी हात लावला. त्यांचे देणे बापाच्या हयातीत सगळे फिटत नाही. रिक्थाबरोबर ते ऋणही वारसाकडे येते. म्हणून वारसाकर हा मेलेल्याला दंड नव्हे, आणि घेणाऱ्याची दानतही नव्हे. ते ऋणफेड आहे. बापाने भरलेला कर बापाच्या मिळकतीवर होता. मुलाला जे न मिळवता मिळाले, त्याचा हिशेब निराळा.

यावर कोणी म्हणेल, मग हे मनुष्याच्या सद्बुद्धीवर सोडा, कायदा कशाला? तोही प्रयोग झाला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरवून घेतली. तेच विनोबा १९५१ पासून भूदान मागत देशभर पायी फिरले. पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, हे त्यांचे मागणे. वारसाहक्काच्या भाषेतच त्यांनी दरिद्रनारायणाला वारस करून घेतले! चाळीस लाख एकरांवर जमीन दानात मिळाली. पण तिच्यात खडकाळ, तंट्यातली, कागदावरचीही पुष्कळ निघाली, आणि कितीतरी भूमिहीनांच्या हाती पोचलीच नाही. त्याच दशकात सुरू झालेल्या मृत्युकराची कथा वर सांगितलीच. नुसत्या दानाला बळ नाही, नुसत्या कायद्याला मन नाही.

मन कसे असावे ते तुकोबांनी दाखविले. दुष्काळानंतर वडिलोपार्जित सावकारीचे खतपत्र त्यांनी हाती घेतले, त्याचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला आणि आपला तेवढा इंद्रायणीत सोडला. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, हे विसरू नये. दुसऱ्याचा त्याग आपण करायचा नसतो. परंतु ऋणकोंवरचे ओझे उतरवणे त्यांनी वारशातूनच केले, हेही विसरू नये.

आपल्याकडचेच दुसरे उदाहरण अमळनेरचे. तेथे १९४५ साली निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचा वारसा १९६६ साली, वडील वारल्यावर, अझीम प्रेमजींकडे एकविसाव्या वर्षी आला. त्याची त्यांनी विप्रो उभारली, आणि २०१९ पर्यंत विप्रोमधील शेकडा ६७ भागांचे उत्पन्न शिक्षणादी कार्यासाठी लावून दिले. वारसा वाढवून परत करता येतो, हे त्यावरून दिसते. पण असे किती? थोड्यांच्या थोरवीवर गावची शाळा चालत नाही.

तेव्हा असा कर न्याय्य आहे, पण मर्यादेत. राहते घर आणि पोटापुरती शेती त्यातून सुटलीच पाहिजे. तीन एकरवाल्याचे भय दूर केल्याशिवाय हा विषय काढूच नये. दुसरे, भुंग्याने फूल न मोडता मध घ्यावा, असे राजनीती सांगते. शेकडा ८५ म्हणजे फूलच खुडणे, आणि मग माणूस चोर होतो. तिसरे, आलेले धन ज्यांना काहीच वारसा नाही अशा लेकरांच्या शाळेवर आणि औषधपाण्यावर लागावे.

आणि आपण तरी? आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीला पुरणपोळी वाढून हक्कसोडपत्रावर तिची सही घेणारा भाऊ, 'सरकार आमचा वारसा लुटते' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आमच्या कित्येक फडांतूनही गादी बापाकडून मुलाकडे जाते. मग तिच्याबरोबरचे सेवेचे ऋणही त्याने उचलले पाहिजे.

सप्ताहात वीणा आठ प्रहर खाली ठेवीत नाहीत. पहारा संपला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. ती आपल्या घरी नेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, आणि पहाऱ्याला नाही म्हणण्याचेही येत नाही. धन असे गळ्यात घ्यावे, आणि पुढच्याच्या गळ्यात घालावे.

रामकृष्णहरि.