काचेवरची वाफ



मिरग लागला की आपल्या मालवण किनाऱ्यावर मिठाला पाणी सुटते, काडेपेटी सादळते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. जुन्या गाडीचीही तीच गत. चार माणसे भिजून मिस्सेला निघाली आणि काचा बंद केल्या की अर्ध्या वाटेतच समोरची काच पांढरी होते. चालवणारा हाताने पुसतो. दोन मिनिटांत पुन्हा तेच.

असे का होते? पावसाने काच गार झालेली असते. आपल्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ तिच्यावर थंड होऊन बारीक थेंब धरतात. आंबोली घाटात उतरणारे धुके निराळे. तिथे दिवे लावून सावकाश जाणे एवढेच आपल्या हाती. काचेवरची ही वाफ मात्र आपलीच असते, आणि तिच्यावर उपाय आहे. एसी असेल तर गारवा नको असला तरी लावावा, कारण तो हवेतले पाणी काढून घेतो. झोत काचेवर सोडावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. एसी नसेल तर दारांच्या काचा बोटभर खाली कराव्यात. कधी एसी फार गार ठेवल्याने काच बाहेरून धुरकट होते. मग वायपर फिरवावा, गारवा कमी करावा. म्हणून वाफ कुठल्या बाजूला आहे, हे आधी बोट फिरवून पाहावे.

पण रोजच वाफ धरत असेल, कुबट वास येत असेल, तर पायाखालची मॅट उचलावी. जुन्या गाडीत दाराचे रबर कडक होऊन चिरते. समोरच्या काचेखाली पाणी वाहून जायच्या वाटेत पालापाचोळा अडकतो. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबते. पाणी कारपेटखाली साचते. वरून काही दिसत नाही, पण खाली पत्रा गंजत जातो. अशा वेळी नुसती काच पुसून भागत नाही. नळी मोकळी करावी, रबर बदलावे, उघडीप मिळताच कारपेट उन्हात घालावे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांना प्याला आधी आतून स्वच्छ करायला सांगतो. शेजारी वाईट दिसतो, भाऊ परका वाटतो, तेव्हा दोष बाहेर आहे असे आपण धरून चालतो. बोट फिरवून कोण पाहतो? बांधाचा जुना वाद, घराच्या हिश्श्यावरून तुटलेले बोलणे, कुणाच्या लग्नातला मानापमान, हे पाणी मनाच्या मॅटखाली साचलेले असते. प्रायश्चित्त संस्कार म्हणजे ती मॅट उचलणे. थोडे लाजल्यासारखे होते, पण आतल्या ओलीला ऊन तिथेच लागते.

संत लूकच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत माणूस लाझरसला छळत नाही, हाकलतही नाही. दाराशी पडलेला तो गरीब त्याला जणू दिसतच नाही. धुरकट काचेचा धोका हाच आहे. आतले सुखात असतात, जिवावर बेतते बाहेरच्याच्या. आपल्या अरुंद रस्त्यांच्या कडेने भर पावसात छत्री धरून म्हातारी माणसे चालतात, शाळेची मुले चालतात. ती चालवणाऱ्याला दिसली पाहिजेत.

अनेकांच्या गाडीत संत ख्रिस्तोफरचे पदक असते. २५ जुलै हा त्याचा परंपरागत सण, ऐन पावसातला. परंपरा सांगते की नदीपार जाऊ पाहणाऱ्या एका लहान मुलाला त्याने खांद्यावर घेतले, आणि ते मूल म्हणजे स्वतः प्रभू होता. काठावर उभे असलेले मूल त्याला दिसले, म्हणून प्रभू भेटला.

ह्या आठवड्यात आपण दोन कामे करू या. गाडी असेल त्याने मॅट उचलून पाहावी. आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या दारी आपण सर्वांनीच एकदा जावे. प्रभू आपली नजर निर्मळ करो. आमेन.