पागोळ्यांचं पाणी

चिपळूणच्या बाजारपेठेत काका-पुतण्याचा एक फोटो स्टुडिओ होता. काकांनी उभी हयात रोलवर फोटो काढले. पुतण्याने डिजिटल कॅमेरा घेतला आणि धंदा हळूहळू त्याच्या हाती गेला. काकांची त्याला हरकत नव्हती. पासपोर्टचा फोटो पाच मिनिटांत लागतो, लग्नाचे हजारभर फोटो आठवड्यात द्यावे लागतात; हे काम आता रोलचं राहिलं नाही, हे त्यांना मान्य होतं. खटके उडत ते त्यांच्या पत्र्याच्या डब्यांवरून.

माळ्याखालच्या फळीवर डबे ओळीने लावलेले होते. प्रत्येकात निगेटिव्हच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या बटर पेपरच्या पाकिटांत घातलेल्या. पाकिटावर शिसपेन्सिलीने रोलचा नंबर, साल आणि गिऱ्हाइकाचं नाव. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर अजून दिसत होती. फळी तिच्याहून हातभर उंच ठोकली होती.

"काका, हे सगळं ठेवून करायचंय काय?" पुतण्या म्हणे. "एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि रोलची किंमत बघा. रंगीत असला तर धुवायला कुरिअरने मुंबईला पाठवा. आपला इंदू रोल बनवणारा उटीचा कारखाना बंद पडला. कोडॅकच्याच इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला आणि २०१२ मध्ये कोडॅकवरच दिवाळखोरीची वेळ आली. तुमचे सगळे डबे माझ्या या एका हार्ड डिस्कमध्ये मावतील."

"मावतील की," काका म्हणत. "पण तिची दुसरी प्रत कुठे ठेवलीस?"

"करू सवडीने."

ती सवड काही मिळाली नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. पुतण्याने कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली, काकांना हाताला धरलं आणि दोघं वरच्या मजल्यावर गेले. पाण्याने २००५ ची खूण ओलांडली, मग फळीही बुडवली.

पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल होता. टेबलाखाली हार्ड डिस्क सापडली. पुतण्याने ती पुण्याला दाखवली. तिच्यातून काहीही निघालं नाही. चार वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी गेली. ज्यांनी आपला पेनड्राइव्ह वेळेवर नेला होता, त्यांचे फोटो तेवढे राहिले.

काकांनी डबे वर आणवले. "ओली निगेटिव्ह सुकू द्यायची नाही," ते म्हणाले. "चिखलासकट सुकली की एकमेकींना चिकटते, मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. स्वच्छ पाणी आण." गावभर पाणीच पाणी झालं होतं, पण स्वच्छ पाणी कुठेच नव्हतं. पाऊस मात्र अजून लागून होता. पुतण्याने पागोळ्यांखाली बादल्या, टोप, घमेली मांडली. त्या पाण्यात काका एकेक पट्टी सोडत, दोन्ही कडांना धरून हळूच हलवत, पाणी बदलत. फिल्मवरचा जिलेटिनचा थर भिजून फुगतो, मऊ पडतो. त्यावर बोट लागलं की माणसाचा चेहराच निघून येतो. पुतण्या हे श्वास रोखून बघत होता, मग स्वतः करू लागला. खोलीभर दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पट्ट्या टांगल्या. रजिस्टरची शाई पाण्यात विरघळून गेली होती, पण पाकिटांवरची शिसपेन्सिल जशीच्या तशी होती.

तरी सगळं वाचलं नाही. तळाचे डबे काढायला चार दिवस लागले. तोवर त्यांतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून वीट झाल्या होत्या. काकांनी सोडवायचा प्रयत्न केला, तर एकीचा थर दुसरीबरोबर उचकटून आला. त्यांनी ती वीट बाजूला ठेवली आणि बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात वरच्या आळीतली एक बाई आली. पुरात घर धुऊन गेलं होतं. वडिलांचा एकही फोटो उरला नव्हता. "तुमच्याकडेच काढला होता, मी शाळेत होते तेव्हा." काकांनी साल विचारलं, पाकिटं चाळली, पट्टी काढली. पण छापणार कशावर? एन्लार्जर चिखलात गेलेला, पेपरचे डबे भिजलेले. तेव्हा पुतण्या उठला. मोबाइलचा पांढरा उजेड मागे धरून, मधे दुधी कागद लावून त्याने आपल्या कॅमेऱ्याने त्या निगेटिव्हचा फोटो घेतला आणि लॅपटॉपवर उलटा करून सरळ केला. बाईने तो तिथूनच सुरतेच्या बहिणीला पाठवला. बहिणीचा लगेच फोन आला. दोघींना बोलणं सुचेना.

बाई गेल्यावर पुतण्या म्हणाला, "तुमचं खरं होतं, काका. रोलच बरा."

"तसं नव्हे रे," काका म्हणाले. "ती वीट बघ. तिच्यात किती घरं अडकलीत! माझ्याकडे एकच प्रत होती, दुसरी करणं परवडण्यासारखं नव्हतं. तुझ्याकडे दहा करायची सोय होती, ती तू वापरली नाहीस. आणि आज तुझा कॅमेरा नसता तर ती बाई रिकाम्या हाताने गेली असती."

त्या पावसाळ्यानंतर उरलेल्या सगळ्या निगेटिव्ह पुतण्याने कॅमेऱ्याने उतरवून घेतल्या. आता तो प्रत्येक कामाच्या तीन प्रती करतो: एक दुकानात, एक इंटरनेटवर, एक घाटापलीकडे कराडच्या मावशीकडे. फाइलला कॅमेऱ्याने दिलेला आकडा न ठेवता साल आणि नाव घालतो. रोजची कामं डिजिटलवरच होतात. पण एखाद्या घरात चार पिढ्या एकत्र बसल्या आणि त्यांनी सांगितलं, तर तो काकांच्या कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल भरतो, काकांकडून शिकलेल्या रीतीने स्वतः धुतो आणि शिसपेन्सिलीने नंबर घालतो. रोलचा खर्च ते लोक आनंदाने देतात.

तात्पर्य: रोल की डिजिटल, हे काम आणि खिसा बघून ठरवावं, दोन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत. पण फोटो आपोआप टिकत नाही, तो कोणीतरी टिकवतो. ज्याने नाव लिहिलं, प्रत केली आणि वेळेवर हात ओले केले, त्याचाच फोटो पुढच्या पिढीला बघायला मिळतो.