दाखल करून घ्यायचे की नाही, हे कोण ठरवते?

१९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन एका विशीतल्या मुलाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात लाकडी फळ्या बांधून पाय जमेल तसा स्थिर केला गेला आणि टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यात आणले. आधी ताराचंद रुग्णालयात तपासणी झाली आणि मग डॉ. लक्ष्मण जोशी यांच्या रुग्णालयात दुपारी सव्वादोनला तो दाखल झाला. मॉर्फियाचे एक इंजेक्शन, एक्स-रे, मग वरच्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये प्लास्टर. साडेपाचच्या सुमारास त्याला खोलीत आणले. सात वाजेपर्यंत औषधाचा अंमल उतरेल, असे सांगितल्यावर वडील दौंडला परत निघाले. आई मुलापाशी थांबली. साडेसहाला त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले आणि रात्री नऊला तो गेला. दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिले गेले ‘फॅट एम्बोलिझम’, म्हणजे चरबीची गुठळी रक्तात जाणे.

या मुलाचे वडील, डॉ. त्र्यंबक गोडबोले, स्वतः वैद्यकीय व्यवसायात होते. म्हणून तो दाखला वाचून ते गप्प बसले नाहीत. मोडलेले हाड ओढून जागेवर बसवायचे असेल तर भूल द्यावी लागते, एकट्या मॉर्फियावर ते करता येत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी दिवाणी दावा लावला. हाड बसवलेच नाही, फक्त पाय हलू नये एवढी व्यवस्था केली, असा बचाव झाला. न्यायालयांनी तो मानला नाही. भूल न देता, तीन सेवकांकडून पाय जोराने ओढून घेतला गेला आणि त्या आघाताने मुलगा दगावला, असा निष्कर्ष निघाला. खालच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयामार्गे खटला दिल्लीला पोचला आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निष्कर्ष कायम केला. भरपाई होती तीन हजार रुपये. मधे पंधरा वर्षे गेली होती.

भारतातल्या वैद्यकीय कायद्याचा पाया म्हणून हा निकाल आजही शिकवला जातो. न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्ये त्यात तीन टप्प्यांत मांडली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवतानाची काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवतानाची काळजी आणि तो उपचार प्रत्यक्ष देतानाची काळजी. त्यासाठी असामान्य कौशल्य लागत नाही. त्या पेशातल्या सर्वसाधारण जाणकार माणसाइतके ज्ञान आणि तितकी दक्षता असली की पुरते. रुग्ण बरा होईलच याची हमी कायदा कोणत्याही डॉक्टरकडून मागत नाही. उपचार फसला म्हणजे निष्काळजीपणा झाला असे धरून चालणाऱ्या नातेवाइकांनी हे समजून घ्यायला हवे. ‘आमचे प्रयत्न झाले’ एवढ्यावर विषय संपवणाऱ्या डॉक्टरांनीही, कारण ते प्रयत्न काय होते हे सांगण्याची जबाबदारी त्यांचीच आहे.

मला त्या तीनपैकी पहिल्या कर्तव्याबद्दल लिहायचे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दल न्यायालयांत ढिगाने निकाल आहेत आणि परिषदांत व्याख्याने होतात. पहिले मात्र मधल्या काळात डॉक्टरच्या हातून निसटले, आणि कोणाच्या हाती गेले ते कायद्याला नीट दिसत नाही.

१९५३ च्या पुण्यात रुग्णालय म्हणजे बहुधा एका डॉक्टरचे घर किंवा वाडा, पाच-दहा खाटा आणि दारावर त्याच्या नावाची पाटी. रुग्ण घ्यायचा की ‘सरकारी ससूनला न्या’ म्हणायचे, हे तो डॉक्टर ठरवत असे आणि गावाला त्याचे नाव माहीत असे. आज त्याच शहरात रुग्ण आधी काउंटरवर जातो. तिथे बसलेल्या तरुण मुलाला किंवा मुलीला ओपीडीतली डॉक्टर कोण हेही कदाचित ठाऊक नसते. त्यांच्यासमोर एक पडदा असतो, पडद्यावर अंदाजपत्रक असते आणि अंदाजपत्रकाखाली अनामत रकमेचा रकाना. विमा आहे का, कॅशलेस आहे का, किती भरणार. या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत आजारी माणूस खुर्चीवर किंवा स्ट्रेचरवर थांबतो. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, हे इथे ठरते.

मार्च २०२५ अखेरची घटना पुणेकर विसरलेले नाहीत. जुळ्यांची आई होऊ घातलेली एक गर्भवती स्त्री दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात गेली. दहा लाख रुपये अनामत मागितली आणि वेळेवर दाखल करून घेतले नाही, असा कुटुंबाचा आरोप आहे. दुसऱ्या रुग्णालयात तिने दोन मुलींना जन्म दिला आणि ती गेली. पुढे चौकशी समित्या बसल्या, अहवाल आले, रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही असे जाहीर केले, एका डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. त्या डॉक्टरच्या कुटुंबाशी संबंधित रुग्णालयाची तोडफोडही झाली. खरे-खोटे न्यायालय ठरवील, आणि ठरेपर्यंत कोणाला दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण गुन्हा कोणावर दाखल झाला, ते पाहा. एका माणसावर. अनामत घेण्याची पद्धत, तिचा आकडा ठरवण्याची रीत, तातडीचा रुग्ण आला तर काउंटरने काय करायचे याची सूचना किंवा सूचनेचा अभाव, या गोष्टी एका माणसाच्या नसतात. त्या संस्थेच्या असतात. आणि संस्थेसाठी नियम आधीपासून होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये आखलेली धर्मादाय रुग्णालयांची योजना सांगते की दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची, आणि तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून, अनामत न मागता, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे. धर्मादाय नसलेल्या खासगी रुग्णालयांनाही महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालचे २०२१ चे सुधारित नियम लागू आहेत. त्या घटनेनंतर पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाने शहरातल्या रुग्णालयांना नोटिसा काढून याच नियमांची आठवण करून दिली. आठवण करून देण्यासाठी एक बाई जावी लागली, हे मला फार वाईट वाटते.

त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे बंधन प्रत्येक डॉक्टरवर आहे आणि पोलिसांची कागदपत्रे, अधिकारक्षेत्र, कोणतीही औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले होते. त्याला जवळच्या रुग्णालयात नेल्यावर तिथून वीस किलोमीटर दूरच्या, पोलिस प्रकरणे घेण्याची परवानगी असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगितले गेले आणि वाटेत तो मेला. तेव्हा अडसर पोलिस पंचनाम्याचा होता, आता पैशाचा आहे. दारातून परत पाठवण्याची कृती तीच आहे.

फौजदारी कायदा याला पुरा पडत नाही, आणि त्याने पडावेही अशी अपेक्षा मी करत नाही. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालामागच्या प्रकरणात लुधियानाच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाल्याने कर्करोगाचा रुग्ण दगावला होता. रुग्णाचा मुलगा स्वतः शेजारच्या खोलीतून सिलिंडर आणायला धावला होता. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरचा खटला रद्द केला. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, खटल्याआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे निःपक्ष मत घ्यावे आणि उठसूट अटक करू नये, हे दंडक त्या निकालाने घालून दिले. पुण्यात अशी मते देण्याचे काम प्रामुख्याने ससूनच्या समितीकडे येते. सिलिंडर रिकामा ठेवणाऱ्या रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी कदाचित येईल, पण त्यावर आम्ही मत देत नाही, असेही न्यायालय म्हणाले. न्यायालयाने ते दार उघडे ठेवले, पण तिकडे आपण क्वचितच फिरकतो. लोकांचा राग पोलिस ठाण्यात जातो किंवा दगड होऊन काचेवर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत इतरांना निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत, असा भेद आहे. त्यावर बरीच चर्चा झाली. डॉक्टरला तुरुंगात किती वर्षे ठेवायचे या चर्चेतून पुढच्या रुग्णासाठी दार उघडण्याची शक्यता मला दिसत नाही.

तोडफोडीबद्दल संदिग्धता नको. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. तो राबवला जावा. रात्रपाळीला उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरने अनामतीचा नियम केलेला नसतो आणि मार मात्र त्यालाच बसतो. जबाबदारी कोणाची हे कागदावर कुठेच लिहिलेले नसले की जो समोर सापडतो तो अपराधी ठरतो.

म्हणून कागदाकडे वळतो. वकिलीच्या कामात केसपेपर हाताखालून जातात. एका रात्रीचे पान असते. बारा, दोन, चार, सहा अशा वेळा डावीकडे, समोर रक्तदाबाचे तेच आकडे, त्याच शाईत, एका बैठकीत भरल्यासारखे. खाली ‘सीएसटी’, म्हणजे तोच उपचार चालू ठेवा. कोपऱ्यात ‘रिलेटिव्ह्ज एक्स्प्लेन्ड’ असे दोन शब्द. काय समजावले, कोणाला, कोणत्या भाषेत, त्यांनी काय विचारले, काही नाही. शेजारी संमतिपत्र, इंग्रजीत छापलेले, मधल्या रेघा कोऱ्या, तळाशी देवनागरीत थरथरती सही. अंगठ्याचे ठसेही असतात. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्याची संमती होत नाही, आणि रुग्णाला पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय संमती खरी ठरत नाही. कोऱ्या रेघांच्या त्या कागदावर हा निकाल उतरलेला दिसत नाही.

नोंद नीट ठेवणे हे वकिलांपासून बचावाचे साधन आहे, असे वैद्यकीय कार्यशाळांत शिकवले जाते. हे शिकवणे मला अपुरे वाटते. पहाटे चारला रक्तदाब खरोखर मोजला गेला असेल तर सहाला येणाऱ्या डॉक्टरला रुग्ण कुठे चालला आहे ते कळते. नोंद आधी रुग्णासाठी असते. आणि ती त्याच्या मालकीची आहे, हे १९९६ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा खटल्यात जवळपास या अर्थाने सांगितले. रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास केसपेपरच्या प्रती द्यायलाच हव्यात, गोपनीयतेची सबब चालणार नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली. तरी आजही प्रती मागणाऱ्या माणसाकडे ‘केस करणार का?’ अशा नजरेने पाहिले जाते.

डॉ. गोडबोले यांना उत्तर मिळाले, कारण ते डॉक्टर होते आणि पंधरा वर्षे लढण्याइतके बळ त्यांच्यात होते. पंधरा वर्षे हाही कमी काळ ठरतो, हे सांगणारा दुसरा महाराष्ट्रीय खटला आहे. १९६३ च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात कापड राहून गेले. पुन्हा पोट उघडले तेव्हा ते सापडले, तोवर उशीर झाला होता. छत्तीस हजारांची भरपाई उच्च न्यायालयाने नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत बहाल केली १९९६ मध्ये. तेहेतीस वर्षांनी. सरकार आपल्या रुग्णालयातल्या चुकीची जबाबदारी झटकू शकत नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या शांता निकालाने पैसे घेणारी वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली होती, त्यामुळे पुढच्यांसाठी वाट थोडी जवळची झाली. तरी ग्राहक आयोगांतल्या तारखा पाहिल्या तर ‘थोडी’ हाच शब्द योग्य आहे.

पुण्याच्याच डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी २०१६ मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या पुस्तकात डॉक्टरांनाच बोलते केले होते. मोठ्या रुग्णालयांत व्यवसायाचे दडपण कसे येते, हे त्यांच्या तोंडून आले. त्यामुळे वैद्यकीय नीती ढासळली असे म्हणून प्रत्येक डॉक्टरकडे बोट दाखवणे मला पटत नाही. नैतिक बंधन व्यक्तीवर आणि निर्णयाचा हक्क व्यवस्थापनाकडे, अशी वाटणी झाली आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी स्थगित करू शकते. अनामतीचे धोरण ठरवणाऱ्या विश्वस्ताची किंवा मुख्य अधिकाऱ्याची अशी कोणती नोंदणी आहे?

यावर एक छोटी, अमलात आणता येईल अशी गोष्ट सुचते. तातडीच्या विभागात आलेल्या कोणत्याही रुग्णाला परत पाठवायचे असेल किंवा दुसरीकडे न्यायला सांगायचे असेल तर त्याला एक चिठ्ठी द्यावी. तपासले किती वाजता, कोणत्या डॉक्टरने, प्रकृती काय होती, प्राथमिक उपचार कोणते दिले, दाखल न करण्याचे कारण काय, पैशाची अट घातली असेल तर किती आणि कोणाच्या सांगण्यावरून. खाली डॉक्टरची सही आणि त्या पाळीत व्यवस्थापनाच्या वतीने हजर असलेल्या अधिकाऱ्याचीही. एक प्रत रुग्णाजवळ, एक रुग्णालयात, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांचा गोषवारा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. धर्मादाय रुग्णालय असेल तर धर्मादाय आयुक्तांकडेही. रुग्णालयाला नोंदणी देणारे आणि तिचे नूतनीकरण करणारे कार्यालय महापालिकेचेच असल्याने त्यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही, नियमांत एका कलमाची भर पुरेल. रक्कम लिहिणाऱ्या हाताखाली नाव लिहावे लागले तर ती लिहिण्याआधी तो माणूस वर फोन करील, आणि वरच्यालाही आपले नाव कुठे येणार आहे हे माहीत असेल.