घरात काय आहे ते आधी पाहा



जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय 4) एका विधवेची गोष्ट आहे. नवरा वारला, कर्ज मागे राहिले आणि सावकार तिच्या दोन्ही मुलांना गुलाम करून न्यायला आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे धावली. संदेष्ट्याने तिला पैसे दिले नाहीत. घरात काय आहे, हे त्याने आधी विचारले. घरात थोडेसे तेल तेवढे होते. देवाने तेच वाढवले. मात्र त्यानंतरची सूचना आपण नीट ऐकली पाहिजे: तेल विकून आधी कर्ज फेडायचे आणि उरेल त्यावर गुजराण करायची.

आपण नेमके उलटे करतो. आधी खर्च, मग उरले तर हप्ता. आणि उरत काहीच नाही.

आपल्या मूर्तिजापूर तालुक्याला हे दुःख जुनेच आहे. दापुरे येथे गाडगे महाराज मामाच्या घरी वाढले. त्या मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. म्हणूनच कर्ज काढून सण, लग्न, यात्रा करू नका, असे बाबा गावोगाव सांगत फिरले. 1956 साली देह ठेवीपर्यंत त्यांचे हे सांगणे थांबले नाही. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाच्या पंगतीचा रिवाज मोडून गोड जेवण दिले. आपल्याकडे बाप्तिस्मा असो वा लग्न, आधी चिंता मंडपाची आणि जेवणावळीची! संस्काराची कृपा काय मंडपाच्या आकारावर ठरते?

हिशेब करून पाहू या. शेकडा 5 रुपये महिना व्याजाने 20,000 रुपये घेतले, तर वर्षाला 12,000 रुपये नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दल तसेच राहते. म्हणून आज संध्याकाळी जपमाळेनंतर पती-पत्नींनी वही घेऊन बसावे. कोणाचे किती देणे, व्याज किती, हे एकमेकांपासून न लपवता लिहावे. महिनाभर खर्रा, चहा, रिचार्ज, किराण्याची उधारी, सारे टिपावे. मजुरी किंवा सोयाबीन-कापसाचे पैसे हाती येताच फेडीचा वाटा बाजूला काढावा. सर्वांचे हप्ते चालू ठेवून, जादा पैसा सर्वांत महागड्या व्याजाच्या कर्जात भरावा. हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज काढू नये. प्रत्येक फेडीची पावती घ्यावी. विनापरवाना सावकारी 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

सगळेच कर्ज उधळपट्टीचे नसते. दवाखाना, बुडालेला हंगाम, मुलांचे शिक्षण यांपुढे माणूस हतबल होतो. आपल्या वऱ्हाडात कर्जापायी कित्येक घरांतला कर्ता माणूस गेला. कर्जाइतकीच लाजही माणसाला आतून खाते. त्या विधवेने आपले दुःख बोलून दाखवले, तिथूनच तिची सुटका सुरू झाली. शिवाय तिच्या शेजाऱ्यांनी आपली रिकामी भांडी तिला दिली. आपणही तसे शेजारी होऊ या. कोणी अडचण सांगितली तर ती चारचौघांत चघळू नये. त्याच्यासोबत वही घेऊन बसावे, बँकेत किंवा बचत गटात जाताना सोबत करावी. शेजाऱ्याच्या लग्नात साधी पंगत दिसली तर नावे ठेवू नयेत.

आपल्या ऋणांची क्षमा करणारा प्रभू आपल्याला प्रामाणिक हिशेबाचे धैर्य देवो. आमेन.